फेरी

एकतीस वर्षं चोडण–रायबंदर केलं
पाण्यावरून, जागचा न हलता.
हात चाकावर, बूड स्टुलावर,
खिडकीच्या फटीत कागदात बांधलेला उंडो, दोन भजी.
लोक चढले, उतरले. वरातींसोबत मयतंही गेली,
मोटारसायकली, गाभण गाय, एकदा तर अख्खा बँड ढोलासकट.
सगळ्यांना पलीकडे नेलं.
पाय तेवढे माझे कुठेच गेले नाहीत.

निवृत्तीनंतर आठव्या महिन्यात
आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी
दंडाला पट्टा आवळला, हवा सोडली, काटा पाहिला,
परत आवळला.
बोटाला टोचलं.
"काका, दिवसाला चालता किती?"
म्हटलं, "बाई, चाळीस फेऱ्या मारायचो."
त्या हसल्या नाहीत.
"गोळ्या मी देते. फेऱ्या तुम्हीच मारायच्या,
पायांनी."

तेव्हापासून पहाटे बांधावर असतो.
एका अंगाला खाजनाचं शेत, दुसऱ्या अंगाला खारफुटी,
मध्ये मी, धापा टाकत,
आणि माझ्यापुढे इनास, मानशीचा राखणदार,
चौऱ्याहत्तरीचा, सुंभासारखा सुका.
दर दहा पावलांवर वाकतो. कुर्लीचं बीळ दिसलं
की चिखलाचा गोळा कोंबतो, टाचेनं दाबतो.
"बोटाएवढं असतं तेव्हाच बुजवायचं रे सगुण.
मांडीएवढं झालं की गाव गोळा करावा लागतो."
खारं पाणी आवाज करत नाही, म्हणतो.
वर भात हिरवं दिसतं, खाली मुळं जळतात.
हेच मला बाईंनी मिठाबद्दल सांगितलं होतं,
छापील कागदावर, चित्रासकट.
इनासला ते सांगितलं नाही. उगाच शेफारला असता.

शेवंतीनं चेपणीच्या तोरांची बरणी
भावजयीकडे धाडली.
जेटीपर्यंत ती मीच वाहून नेली,
कडेवर, मूल न्यावं तशी.
उकड्या तांदळाची पेज आता एकच वाटी.
सुका बांगडा रविवारी, अर्धा,
आणि तो अर्धा कुठे संपतो
यावरून घरात दोन मतं आहेत.

फेस्ताला इनासच्या घरी सोरपोतेल होतं.
काय सांगू.
वर दोन पेले काजूची.
दुसऱ्या दिवशी गेलो नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.
नऊ दिवस मी खिडकीतून बांध पाहिला.
दहाव्या दिवशी गेलो, तर इनास काही बोलला नाही.
टॉर्च माझ्या हातात दिला
आणि पुढे चालू लागला.

आमच्या रात्रपाळीचा शाबलो.
त्याच्या चपलेतून खिळा वर आलेला,
चार दिवस त्याला कळलंच नाही.
आता उजव्या पायाला अंगठा नाही.
भेटायला गेलो तर म्हणाला,
"दुखलं असतं तर बरं झालं असतं."
येताना बोटीत मी उभाच राहिलो.

परवा काटा थोडा खाली होता.
बाई म्हणाल्या, "ठीक." तेवढंच.
मला तो शब्द घरापर्यंत पुरला.

सकाळी जेटीपाशी पोचतो
तेव्हा नवा पोरगा चाकावरून भोंगा देतो,
"काका, या, पलीकडे सोडतो!"
हात हलवतो मी, आणि वळतो.
अजून दोन बाकी असतात.

रात्री पाय धुऊन
शेवंतीचा छोटा आरसा तळव्याखाली धरतो,
बोटांच्या बेचक्यात बघतो,
भेगांत, टाचेच्या कडेला.
साठ वर्षांत कधी पाहिला नव्हता हा मुलूख.
ती पलीकडून म्हणते,
"नीट धुतले नाहीत, बांधाची माती आहे अजून."
धुतलेत गं.
आता रंगच तसा झालाय.